सुरम्याचा खडा, जरीची तार

हेवा ही मनुष्याच्या ज्ञानसाधनेची आद्य प्रेरणा आहे. हे वाक्य मी एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणालो होतो आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. माझ्यापुरतं ते एवढंच खरं आहे की विजेबद्दल मी जे काही मनापासून शिकलो ते साडूंच्या हेव्यापायी शिकलो, आणि शिकून त्याचा काही उपयोग झाला नाही.

परीक्षांचे दिवस आले की हे पुन्हा आठवतं. बऱ्हाणपुरात या दिवसांत जिनिंगचा हंगाम संपत आलेला असतो, पण कापसाचे पुंजके गावभर मागे राहतात. विजेच्या तारांवर, कडुनिंबाच्या काटक्यांत, देवळाच्या झेंड्याच्या टोकाला. ऊन वाढतं, केळीच्या बागांना पाणी द्यायची घाई सुरू होते, आणि संध्याकाळी घराघरांतून पाठांतराची गुणगुण येऊ लागते. ती गुणगुण आता हिंदीत असते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला अर्धी मराठीत असायची. पोरांना दोन्ही भाषांत सारखंच काही कळत नसे.

यंदा माझ्या अंगणातही एक परीक्षा चालू आहे. माझे साडू मुकुंदराव, त्यांची नात मेघना. इंदूरला एम.एस्सी. करते, तोंडी परीक्षेची तयारी करायला सुटीत इथे आली आहे. ती माझ्यासमोर उभी राहून बोलायचा सराव करते. आपल्या आजोबांसमोर का करत नाही, असं विचारलं तर म्हणाली, "ते सगळ्यालाच छान म्हणतात. तुम्ही नाही म्हणत."

ही माझी कीर्ती.

"तर सुनो... म्हणजे ऐका," तिने सुरुवात केली. "धातूचा एकदम पातळ थर आहे. खूप थंड केलेला. त्यात इलेक्ट्रॉन भटकत भटकत कधीकधी जिथून निघाला तिथेच परत येतो. त्याच वाटेने उलटं फिरूनही येता येतं. इलेक्ट्रॉन लहर आहे ना, तर दोन्ही बाजूंनी एकदम जातो, आणि परत आल्यावर स्वतःलाच भेटतो. त्या भेटीमुळे विजेचा रोध जरासा वाढतो. अगदी बारीक खूण असते ती."

"किती बारीक?"

"शोधायला नाही गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही, इतकी."

"मग शोधता कशाला?"

"आजोबा, परीक्षक असं विचारत नाहीत." तिने ओढणी खांद्यावर नीट केली. "आता याच्यावर उच्च वारंवारतेचं विद्युतक्षेत्र लावलं, की ती खूण पुसली जाते. एका वाटेने जाताना लहरीला एक धक्का बसतो, दुसऱ्या वाटेने जाताना वेगळा. मग भेट जुळत नाही."

"म्हणजे क्षेत्र जितकं जोरदार तितकं वाईट."

"जोर पाहिजेच, पण खरी गंमत लयीची आहे. क्षेत्र एकदम सावकाश बदलत असेल तर दोन्ही वाटांना सारखाच धक्का, फरक काही नाही. एकदम भराभर बदलत असेल तरी त्रास कमी. पण लहरीची आठवण जितका वेळ टिकते ना, त्याच्या आसपासचीच लय असली, की सबसे ज्यादा गडबड."

मी तिला तिथेच थांबवलं. तिला वाटलं काहीतरी चुकलं. चुकलं काही नव्हतं. आयुष्यभर मला न सुटलेली एक गोष्ट या पोरीने पातळ धातूच्या नावाने सांगून टाकली होती.

दिल्लीत कोण गादीवर बसलं, कुणाला कोणता किताब मिळाला, याने माझी झोप कधी उडाली नाही. तसंच रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस कितीही सुखी दिसला तरी मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्रास झाला तो मुकुंदरावांचा. एकाच घरचे जावई, पाठोपाठच्या वर्षी लग्न झालेले, एकाच गल्लीत राहणारे, सणाला एकाच पंगतीत शेजारी बसणारे. पोळी त्यांच्या ताटात आधी पडायची.

ते दिवस राज्यांच्या जुळवाजुळवीचे होते. संस्थानं विलीन होऊन काही वर्षं झाली होती आणि आता उरलेल्या नकाशाचीही शिवण उसवणार असं रोज ऐकू येत होतं. आम्ही नागपूरकडे राहणार, की मुंबईकडे जाणार, की भोपाळकडे, यावर पानाच्या दुकानासमोर माणसं हमरीतुमरीवर येत. आमचे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणत, पेढीवरून परत येताना रोज तिथे उभे राहत आणि घरी येऊन वेगळ्याच राज्यात गेल्याचं सांगत.

त्याच काळात इंदूरला रेडिओचं केंद्र सुरू झालेलं होतं, आणि मुकुंदरावांनी एक संच तयार केला होता.

मुकुंदराव जिनिंगच्या कचेरीत होते आणि इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. हे मी पुन्हा सांगतो, कारण तेव्हा मी ते मनातल्या मनात रोज सांगत असे. विज्ञान मी शिकवत होतो. संच त्यांचा लागत होता.

तो संच म्हणजे आमच्या गावाचीच वस्तू होती. चौकातल्या अत्ताराकडे डोळ्यांत घालायच्या सुरम्याचे खडे मिळत. शिशाचं खनिज, जड आणि काळपट, फोडलं की आत चौकोनी चकचकीत पैलू. त्या खड्याला एखाद्या नेमक्या जागी बारीक तारेचं टोक अलगद टेकवलं, की हवेतली रेडिओची लहर त्यातून एकाच दिशेने जाते आणि तिच्यातला आवाज कानाला लागतो. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. बारीक तारेला आमच्याकडे कधी तोटा नव्हता. जरीसाठी चांदी केसाइतकी ओढणारी घरं गल्लोगल्ली होती. बाकी पुठ्ठ्याच्या कांड्यावर तांब्याची तार गुंडाळायची, एक लांबलचक तार छतावरून जिनिंगच्या धुराड्यापर्यंत न्यायची, दुसरी विहिरीच्या पाण्यात सोडायची. आणि लष्करी भंगारातून आणलेला इअरफोन. एकाच कानाचा.

एकच कान, हे लक्षात ठेवायला हवं. आमच्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे.

संध्याकाळी सूर्य मावळला की मुकुंदराव ओसरीवर खड्यासमोर बसत. श्वास रोखून तारेचं टोक सरकवत. "गप्प!" म्हणत, कुणी बोलत नसलं तरी. मग त्यांचा चेहरा उजळे. मग इअरफोन हातोहात फिरे, आणि ज्याच्या कानाला असे तो बाकीच्यांकडे परदेशी गेल्यासारखं बघे. माझी बायको शालिनी रोज तिथे जाई. ती गाणारी होती. कानाला तो काळा गोळा लावून, डोळे मिटून ती बसली, की मी ओसरीच्या खांबाला टेकून तिला स्फटिकातून वीज कशी वाहते ते समजावून सांगत असे.

"अहो, जरा थांबा ना," ती डोळे न उघडता म्हणे. "गाणं चालू आहे."

माझा संचही तयार होत होता. अत्ताराच्या दुकानात खडे निवडायला मी इतका वेळ लावी, की त्याने एकदा विचारलं, "मास्टरजी, घर में कितने लोगों की आँख दुखती है?" अखेर मला एक खडा सापडला. हरभऱ्याएवढा, सगळ्या बाजूंनी लखलखीत. एका संध्याकाळी, घरात कुणी नसताना, त्यातून मला एक माणूस ऐकू आला. तो कापसाचे भाव सांगत होता. मुंगीने सांगावे तसे. पण मुकुंदरावांच्या संचापेक्षा स्वच्छ, हे मी आजही शपथेवर सांगेन.

कुणाला बोललो नाही. शालिनीला इंदूर केंद्रावर गायला बोलावलं होतं, आवाजाच्या चाचणीत ती पास झाली होती, आणि त्या संध्याकाळी तिचं गाणं माझ्या संचावर ऐकायचं असं मी ठरवलं होतं. माझ्या कानाने. मग मुकुंदरावांना बोलवायचं आणि म्हणायचं, या, तुम्हीही ऐका थोडं. थोडं, हा शब्द मी फार वेळा घोकला होता.

खडा सुरक्षित राहावा म्हणून रेशमी चिंधीत गुंडाळून सासरच्या देवघरात, देवांच्या मागे ठेवला. माझ्या खोलीत उंदीर होते आणि देवघरात सोवळं होतं. शास्त्रीय विचार केला तर हीच जागा योग्य होती.

मुकुंदरावांना नुकताच मुलगा झाला होता. बारशाच्या दिवशी मी गेलो तर सासूबाई, माई, खलबत्ता घेऊन बसलेल्या. समोर गुलाबपाण्याची वाटी. बाळाच्या डोळ्यांत काळीभोर रेघ.

"या जावईबापू," माई म्हणाल्या. "असा सुरमा तं मी जन्मात नाही पाहिला. लोण्यासारखा उतरला. बाळाकरता आणला अन् बोलले बी नाही!"

"माई, तो खडा..."

"अवो, रेशमात बांधून देवापाशी ठेवला, मले का समजत नाही का?" त्यांनी सगळ्या बायकांकडे बघितलं. "याले म्हणतात जीव लावणं."

मुकुंदराव पुढे झाले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मास्तर," ते म्हणाले, "तुमचं प्रेम दिसत नाही, पण असतं."

माझा स्फटिक साडूंच्या मुलाच्या डोळ्यांत गेला होता आणि त्याबद्दल माझा सत्कार चालला होता. त्या मुलाला पुढे लवकरच चष्मा लागला. मेघना त्याचीच मुलगी.

अत्ताराचे बाकीचे खडे मुके निघाले. त्यात शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या, पर्यवेक्षणातून मला सुटी मिळेना. शालिनी तिच्या मामांबरोबर खंडव्याला गाडी बदलून इंदूरला गेली. निघताना तिने नानांच्या पायांना हात लावला. गावातल्या लेकीने बाहेर जाऊन गावं, हे त्यांना आवडलं होतं की नव्हतं, ते त्यांनी महिनाभर कुणाला कळू दिलं नव्हतं. शालिनीने डब्यात बसताना मला एवढंच म्हटलं, "नानांना ऐकवा. आणि तुम्ही ऐका."

आता डॉक्टरसाहेबांविषयी सांगायला हवं. मुकुंदरावांच्या भिंतीला भिंत लागून त्यांचा दवाखाना होता. ते निमाडापलीकडच्या कुठल्याशा छोट्या संस्थानाचे राजवैद्य होते. संस्थान विलीन झालं, संधिवात मात्र विलीन झाला नाही, म्हणून ते आमच्या गावात आले. अंगात बंद गळ्याचा कोट, भिंतीवर महाराजांबरोबरचं छायाचित्र. त्यात महाराज बसलेले आणि डॉक्टर उभे, पण बघणाऱ्याला उलट वाटावं असा त्यांचा आविर्भाव. त्यांच्याकडे एक विलायती यंत्र होतं. उच्च वारंवारतेच्या विजेचं. काचेची नळी जांभळी होऊन तडतडे, आणि ती गुडघ्यावर, टकलावर, कानामागे फिरवली जाई. गावातले शेठ आणि वकील संध्याकाळी रांगेने येत. गुडघे दुखायचे थांबत नसत, पण जांभळे उजळल्याचं समाधान मिळे. नानाही जात.

त्या यंत्राने साडूंच्या संचाचा जीव घेतला होता. ते चालू झालं की इअरफोनमध्ये भजी तळल्यासारखा आवाज, आणि बंद झाल्यावरही गाणं परत येत नसे. भिंतीपलीकडचा तो जोरदार झटका तारेच्या टोकापर्यंत पोचे आणि खड्यावरची ती नाजूक जागाच बधिर करून टाकी. पुन्हा नवी जागा शोधत बसावं लागे, आणि तोवर कार्यक्रम संपे. मी हे मुकुंदरावांना फळ्यावर काढतात तसं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सगळं त्या मेल्या डॉक्टरमुळे."

आम्ही दोघं डॉक्टरांना विनंती करायला गेलो. फक्त गाण्यापुरतं यंत्र बंद ठेवा.

"मास्तर," डॉक्टरसाहेब खुर्चीत मागे रेलले, "ये मशीन रियासतीत चालायचं तेव्हा शेजारी दरबार भरलेला असायचा. कुणाच्या गाण्यात कधी खलल नाही आला. दोष तुमच्या दगडात असेल."

त्या आठवड्यात मात्र आमचं दैव बरं होतं. डॉक्टरांनी नानांच्या गुडघ्याला विश्रांती सांगितली होती, आणि मुकुंदरावांचा संच इतका स्वच्छ लागत होता की सारी गल्ली त्यांच्या बोटांचं कौतुक करत होती. पण ऐन वेळी डॉक्टरांनी बटण दाबलं तर? कुणीतरी तिथे जाऊन बसायला हवं होतं, बोलण्यात गुंतवायला.

"मी जातो," मुकुंदराव म्हणाले. "बायको तुमची आहे. तुम्ही बसा कानाला."

"आणि खड्यावर तारेची सुई कोण धरणार?"

त्यांच्या खड्यावर सुई त्यांच्याशिवाय कुणाला धरता येत नव्हती, मला तर नाहीच. मी तीनतीनदा करून बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते "होईल, होईल" म्हणाले होते. माणसाने एकवेळ हसावं, पण होईल म्हणू नये.

मग मीच गेलो.

डॉक्टर एकटेच होते. यंत्र कोपऱ्यात, नेहमीच्या लाल मखमली कापडाखाली. मी त्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये खुर्ची ओढून बसलो.

"कहिये मास्तर, काय तकलीफ?"

तकलीफ अशी मला सांगता येण्यासारखी नव्हती. मी भिंतीवरच्या छायाचित्राकडे बघून विचारलं, "महाराजांना संधिवात कोणत्या गुडघ्यात होता?"

त्याहून चांगला प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेन. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे घेतले. मग राजमातेचा खांदा घेतला. मग शिकारीला जाताना हत्तीवरच्या हौद्यातून हे यंत्र कसं नेत, ते सांगितलं. मध्येच एक शेठ दारात आले, तर डॉक्टरांनी त्यांना हातानेच उद्या या म्हणून सांगितलं. मी स्वतःवर खूश झालो. एका माणसाला त्याच्या कमाईवरून उठवून गप्पांत अडकवणं सोपं नाही.

भिंतीपलीकडे मुकुंदरावांचं "गप्प!" ऐकू आलं. मग काहीच नाही. त्या भिंतीला मी उजवा कान लावून होतो, डॉक्टरांना वाटलं मान आखडली आहे. गाणं भिंतीतून येत नव्हतं. यायचं कारणच नव्हतं. नानांच्या कानाच्या बाहेर ते आलंच नाही. माझ्या बायकोचा आवाज इंदूरहून निघून, सातपुड्याचे डोंगर ओलांडून, धुराड्याच्या तारेवरून, जिथे जरीचं टोक सुरम्याला टेकलं तिथे उतरत होता, आणि मी हातभर अंतरावर बसून हौद्याची रुंदी ऐकत होतो.

ओसरीवर गेलो तेव्हा नाना उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "घसा जरासा बसलेला होता तिचा. प्रवासात पाणी बदललं असेल." आणि उठून आत गेले. दाराशी थांबून माईंना म्हणाले, "ती आली की तिले साखर-मिऱ्याचं दूध दे."

"मी शेवटचं कडवं ऐकलं," मुकुंदराव म्हणाले. "नानांनीच दिलं कानाला. मास्तर, काय सांगू..."

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सांगितलं, दिवाळीला सांगितलं, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक तेराव्याला सांगितलं. शेवटच्या कडव्यात तिने आवाज कसा उतरवला, मग एक श्वास कसा घेतला. तो श्वास त्यांना ऐकू आला होता. माझ्या बायकोचा श्वास त्यांना ऐकू आला होता!

शालिनी परत आली ती टांग्यातून उतरता उतरताच म्हणाली, "ऐकलंत?"

"मी डॉक्टरांकडे होतो."

"का हो? बरं नव्हतं?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग तिने विचारलं, "म्हणजे नानांनी ऐकलं?"

"ऐकलं. घसा बसलेला म्हणाले."

तिचा चेहरा असा उजळला, की माझ्यामुळे तो तसा कधी उजळल्याचं मला आठवत नाही. "मग झालं," ती म्हणाली.

मग झालं, या शब्दांचाही मला पुढे बरीच वर्षं हेवा वाटला.

ती पुन्हा रेडिओवर गायली नाही. मुलं झाली, नकाशा बदलून आम्ही एकदाचे भोपाळकडे लागलो, नानांचं पानाच्या दुकानाशी उभं राहणं संपलं. मी तिला तेच गाणं म्हणायला सांगितलं की ती कणीक मळता मळता म्हणे. पूर्ण म्हणे, कडव्यासकट. "आता ऐकलंत ना?" ती विचारी. ऐकलं होतं. पण ते समोरून आलेलं होतं, तिच्या तोंडातून, सगळ्यांना ऐकू येण्यासारखं. मला हवं होतं ते केसाएवढं, दूरचं, एकाच कानात मावणारं. ते ज्या दोघांना मिळालं त्यांतले नाना गेले. शालिनी गेली. मुकुंदराव आहेत. नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांना अजून चष्म्याशिवाय वाचता येतं, आणि ऐकू तर माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मेघनाचा सराव संपला तेव्हा मी तिला विचारलं, "ते क्षेत्र काढून घेतलं तर? ती खूण परत येते?"

"लगेच," ती म्हणाली. "ती कुठे गेलेलीच नसते, आजोबा. फक्त दिसत नसते."

छान, म्हणालो मी. तिला आश्चर्य वाटलं.

डॉक्टरसाहेब बरीच वर्षं जगले. मुकुंदरावांच्या मुलाच्या, म्हणजे मेघनाच्या वडिलांच्या लग्नात ते माझ्या पानाशेजारी बसले होते. पलीकडच्या पंगतीत मुकुंदराव कुणाला तरी त्या श्वासाविषयी सांगत होते. ते ऐकून डॉक्टर माझ्याकडे वळले आणि प्रेमाने म्हणाले, "मास्तर, उस शाम तुम्ही माझी इज्जत वाचवलीत. शेठ दारात आला होता ना? तुम्ही बसला होतात म्हणून त्याला परत पाठवता आलं. मशीनची नळी फुटली होती, आठवडाभर मशीन भुसावळला दुरुस्तीला पडलं होतं. पण कोपरा रिकामा दिसला तर पेशंट येत नाहीत."

मी विचारलं, मग मखमलीखाली काय होतं.

त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि सांगितलं, त्यांच्या पत्नीचं शिवणयंत्र.